आधी भाव, मग वेळ

नाव मॅचिंग इंजिन. पण धूर नाही, शिट्टी नाही. राष्ट्रीय शेअर बाजारातल्या या गृहस्थाचं बिऱ्हाड वांद्रे-कुर्ला संकुलात. पनवेलहून लोकल धरून कुर्ल्याला उतरणारे कितीतरी जण त्याच्या दारावरून रोज जातात. त्याला पाहिलेला एकही नाही. सव्वानऊला स्वारी सौदे जुळवू लागते, साडेतीनला हात झटकते.

स्वभाव एककल्ली. आधी भाव, मग वेळ, एवढंच त्याला कळतं. जास्त देणारं गिऱ्हाईक पुढे, कमीत विकणारा पुढे; भाव सारखा, तर आधी आलेला पुढे. वशिला नाही. रांगेत उभ्या उभ्या तुम्ही नग वाढवलेत, तर ‘मागे जा’ म्हणतो. कमी केलेत तर जागा राहू देतो. कुणी शंभरला विकायला बसलाय आणि तुम्ही घाईघाईने एकशे एक बोललात, तरी सौदा शंभरलाच करतो. हा सभ्यपणा मला भाजीबाजारात अजून भेटायचाय.

त्याचा झपाटा पाहून वाटतं, याला हजार हात असावेत. पण अशी यंत्रं बांधणारे उलटंच सांगतात: एका शेअरच्या ऑर्डरींची वही एकाच हाती द्या. दोन हात एका वहीत शिरले की कुलूपकिल्ली आली, एकमेकांसाठी खोळंबणं आलं. सगळी वही तोंडपाठ, आणि आलेली प्रत्येक ऑर्डर क्रमाने टिपलेली. मध्येच कोसळलाच, तर तेच टिपण वाचून शेजारचा जोडीदार तेच सौदे तसेच उभे करतो.

1995 पर्यंत दलाल स्ट्रीटच्या रिंगणात हे काम घसे आणि बोटं करत. दोघांच्या नोंदी जुळल्या नाहीत, की त्याला ‘वांधा’ म्हणत. छान शब्द होता.

2016 साली आलेला यूपीआय या इंजिनाचा भाऊबंद. त्याला जोड्या जमवायच्या नसतात. इथून एकदाच वजा, तिथे एकदाच जमा, एवढाच घोर. मासळीबाजारात ‘पैसे आले’ असं डबा बोलेपर्यंत कोळीण पिशवी सोडत नाही, ती उगाच नव्हे.

एक गोष्ट मात्र खटकते. 2010 पासून दलालांना आपले संगणक शेअर बाजाराच्याच आवारात ठेवता येतात, भाडं भरून. वेळेला एवढा मान देणाऱ्याच्या उंबऱ्यातच मुक्काम! पनवेलकराला हे समजावून सांगावं लागत नाही. लोकल इथून सुटते, आपण खिडकी धरून बसतो. खांदेश्वरचा शहाणा आधी उलटा पनवेलला येतो, जागा पकडतो आणि त्याच गाडीने खांदेश्वरवरून मुंबईला जातो.