पिरोजा : खडा आणि शब्द

इराणमधील निशापूरच्या खाणींत मिळणाऱ्या निळ्या रत्नाला फारसीत ‘पीरोजा’ म्हणत. अरबीत ‘प’ हा ध्वनी नसल्याने तेथे ‘फ’ आला. मराठीच्या ‘पिरोजा’त मात्र ‘प’ टिकून आहे. युरोपात हे रत्न तुर्कस्तानमार्गे पोहोचले, म्हणून फ्रेंच भाषेत त्याला ‘तुर्की’ या अर्थाचे नाव मिळाले. ते नाव खाणीचे नव्हे, वाटेचे!

हे रत्न सच्छिद्र असते. घाम आणि तेल शोषून ते हिरवट होते. आईच्या अंगठीतील पिरोजा असाच पालटला आहे. सोनाराने नवा खडा बसवण्यास सुचवले. मी नकार दिला. रूप पालटलेल्या शब्दाला आपण सहजच ‘बिघडलेला’ म्हणतो. मला मात्र त्या खड्यात आईचा हात दिसतो आणि तशा शब्दांत बोलणाऱ्यांच्या पिढ्या ऐकू येतात.