मामांचा ड्रायव्हर

निवृत्तीनंतर मामांचे हात रिकामे झाले. झाशीच्या सिपरी बाजारातल्या घरी त्यांच्या टीव्हीला मी प्लेस्टेशन 2 जोडून दिला, तो त्यांचा वेळ जावा म्हणून.

तेव्हाच्या मध्य रेल्वेच्या झाशी विभागात ते सहायक ड्रायव्हर म्हणून लागले होते. मग शंटर, मालगाडी, पॅसेंजर, शेवटी मेल-एक्सप्रेस. नव्या मार्गावर आधी रोड लर्निंग: गाडी दुसऱ्याने चालवायची आणि आपण सिग्नल, चढ, वळणं डोक्यात भरून घ्यायची. त्यामुळे 2004चा ‘ग्रॅन टुरिस्मो 4’ हा कार-शर्यतीचा गेम त्यांना परका वाटला नाही. गाड्या 700हून जास्त, पण सुरुवातीला हातात 10,000 क्रेडिट, म्हणजे एखादी साधी, जुनी गाडी. पुढे जायचं तर लायसन्स हवं: बी, ए, इंटरनॅशनल बी, इंटरनॅशनल ए, सुपर, प्रत्येकाच्या 16 परीक्षा. आम्ही मुलं त्या परीक्षांना कंटाळायचो, मामांना त्याच आवडायच्या. आखलेल्या पट्ट्यात गाडी थांबवताना ते फार आधी ब्रेक लावत. मालगाडी अंगात मुरली होती.

बोटं दुखू लागली तसे ते त्याच गेममधल्या बी-स्पेककडे वळले. त्यात स्वतः चालवायचं नाही. गेममधल्या ड्रायव्हरला वेग सांगायचा, ओव्हरटेक कधी, पिटमध्ये कधी, ते सांगायचं. शर्यती धावत धावत त्याचं मशीन स्किल, कोर्स स्किल, बॅटल स्किल वाढतं. तो वळणावर घसरला तरी मामा चिडत नसत. “शिकतोय रे अजून. बीना लाइनवर मीही असाच होतो.” न्युर्बुर्गरिंगची 24 तासांची शर्यत त्यांनी तिप्पट वेगाने लावली, तरी ती आठ तास चालणार होती. लाइट जाईल म्हणून आदल्या दिवशीच इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरून ठेवलं. मामी मधून मधून येऊन विचारत, “पोचला का हो तुमचा?”

मामा गेल्यावर मी तो ड्रायव्हर एकदाच ट्रॅकवर सोडला. मी काही न सांगताही तो नीट चालवत होता. ते मला बघवलं नाही, शर्यत मी मधेच बंद केली.

2022च्या ‘ग्रॅन टुरिस्मो 7’मध्ये लायसन्स आहेत, बी-स्पेक नाही. दुसऱ्याला हळूहळू तयार करण्यातला आनंद त्याबरोबर गेला, याचं मला खरंच वाईट वाटतं. पाऊस मात्र त्यात फार सुंदर आहे. ट्रॅक भिजतो, आणि गाड्या जिथून जातात तिथे आधी वाळतो. हे मामांना दाखवायचं राहिलं. ओल्या रुळावर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरू लागली की खाली वाळू सोडतात. ती सोय यात कुठे आहे, हेच त्यांनी पहिलं विचारलं असतं.