गनमेटलचे बुश

विकायला काढलेली गाडी महिंद्राची एफसी आहे, म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल पिकअप. नोंदणी १९६८ची, पेट्रोलची, फोर व्हील. बॉनेट नाही. ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांवर बसतो आणि इंजिन त्याच्या नि शेजारच्या माणसाच्या मध्ये, पत्र्याच्या पेटीखाली. अमेरिकेत विलीजने ही गाडी १९५६च्या अखेरीस आणली आणि १९६५मध्ये बंद केली. आपल्याकडे महिंद्राने ती पुढेही बनवली. ही गाडी उल्हासनगरला, पाच नंबर कॅम्पात एका शेडखाली उभी आहे. तिचे मालक गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या मुलाला शेडची जागा फर्निचरच्या कामाला हवी आहे, त्यात त्याचं काही चुकलेलं नाही. जाहिरातीचा मजकूर त्याने माझ्यावर सोपवला. "दादा, गाडी तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच लिहा." मॉडेल, टायर, किंमत हे चार ओळींत बसतं. बाकीचं बसत नाही, म्हणून इथे लिहितो.

मालकांना आम्ही काका म्हणायचो. ते सिंधमधून आई-वडिलांबरोबर आले तेव्हा अगदी लहान होते. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत फाळणीनंतर निर्वासितांना ठेवलं; ८ ऑगस्ट १९४९ला राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. कॅम्पचे नंबर मात्र अजून बोलण्यात आहेत. काकांचं सगळं आयुष्य त्या बराकींच्या आसपास गेलं. मराठी आमच्यासारखीच बोलायचे, हिशेब सिंधीत करायचे. एफसी त्यांनी एका सरकारी लिलावातून घेतली आणि तिच्यावर मंडपाचं सामान वाहायला लागले. मुरबाड-टोकावड्याकडची लग्नं, मलंगगडाच्या पायथ्याची जत्रा, जिथे पावसाने रस्ता खाल्लेला असेल तिथे बाकीचे टेम्पो थांबायचे आणि काकांना बोलावणं यायचं.

माझे वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत टर्नर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एमआयडीसीत एका ओळखीच्या गाळ्यात जुनी लेथ टाकली. तिथेच काका पहिल्यांदा आले, हातात झिजलेला शॅकलचा बुश घेऊन. एफसीचे सुटे भाग तोपर्यंत मिळेनासे झाले होते. कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळाले तर मिळाले, आणि मिळाले तरी तेही झिजलेलेच. बाबांनी तो बुश मायक्रोमीटरने मोजला, पिनही मोजली, आणि म्हणाले, "पिन एका बाजूने खाल्ली आहे. नुसता बुश बदलून उपयोग नाही." मग दोन्ही नवीन केलं, बुश गनमेटलचा. कमानपाट्यांचे आवाज थांबले. त्यानंतर काका आणि बाबा यांच्यात काय जमलं ते मला शब्दांत नीट सांगता येणार नाही. दोघंही फार बोलणारे नव्हते. लेथवर निघणाऱ्या पिवळ्या किसाकडे दोघं तासन् तास बघत बसायचे, एवढं मी पाहिलं आहे.

पुढे बाबांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, बदलापूरच्या आमच्या घरून उल्हासनगरला डायलिसिस. मंगळवारी परत येताना ते काकांच्या शेडवर थांबायचे. पाण्याचं बंधन होतं, म्हणून काकी त्यांच्यापुढे अर्धा कप चहाच ठेवायच्या आणि काकाही तेवढाच घ्यायचे.

२६ जुलै २००५ हा मंगळवार होता. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे सगळ्यांना पाठ आहे. मुंबईच्या त्या आकड्यामागे बदलापूर झाकलं जातं. इकडे उल्हास नदी चढली आणि पश्चिमेचे नदीकाठचे भाग पाण्यात गेले. लोकल बंद, फोन बंद, वीज नाही. बाबांचा डायलिसिस चुकला. साचलेलं पाणी अशा माणसाच्या फुप्फुसात उतरतं. रात्री त्यांना आडवं होता येईना, पलंगाला टेकून बसून श्वास घेत होते. आई पंख्याने वारा घालत होती आणि मी कुणाला बोलवावं याचा विचार करत होतो. बोलवायला काही साधनच नव्हतं.

बुधवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी एफसीचा आवाज आला. कुणी कळवलं नव्हतं. मंगळवारी बाबा शेडवर आले नाहीत, एवढ्यावरून काका निघाले होते.

घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतचा उतार अजून पाण्याखाली होता. काकांनी पाण्यात शिरण्याआधी फॅन बेल्ट काढून सीटखाली टाकला. फिरता पंखा पाणी उचलून इंजिनावर मारतो. बेल्ट नसला की पाण्याचा पंपही फिरत नाही, त्यामुळे इंजिन तापायच्या आत पलीकडे जायचं असतं. गिअरशेजारी दोन लहान दांडे आहेत. एकाने पुढची चाकं जोडली जातात, दुसऱ्याने लो गिअर पडतो. दोन्ही टाकून, ॲक्सिलरेटरवरचा पाय न हलवता ते निघाले. बाबा आत, मी हौद्यात उभा. पाणी हबच्या वर होतं. मध्यावर गाडी फुसफुसली आणि बंद पडली.

डिस्ट्रिब्युटर भिजला होता. दुसऱ्या कुठल्याही गाडीत खाली उतरून, पाण्यात उभं राहून बॉनेट उघडावं लागलं असतं. एफसीत आतल्या आत पेटी उचलली की झालं. काकांनी ती उचलली. मागच्या काचेतून मला दोन पांढरी डोकी इंजिनावर वाकलेली दिसली. डिस्ट्रिब्युटरची कॅप बाबांनी काढली. त्यांच्या बोटांना सूज होती, तरी क्लिप त्यांनीच सोडवल्या, उपरण्याने कॅप आतून पुसली, पॉइंट कोरडे केले, फुंकर मारायला श्वास पुरेना तेव्हा ती काकांनी मारली. दुसऱ्या सेल्फला इंजिन लागलं. पाण्यातून बाहेर आल्यावर बेल्ट चढवला. अंबरनाथमार्गे, चिखलातून आणि वालधुनीच्या पाण्याला वळसे घालत, दुपारी आम्ही पोहोचलो. केंद्रात जनरेटरवर मशीन चालू होतं.

बाबा त्यानंतर दोन वर्षं जगले. माझी बहीण त्या दोन वर्षांत लग्न करून सासरी गेली. तिचं कन्यादान त्यांनी केलं. त्या दिवसाच्या पेट्रोलचे पैसे द्यायला मी शेडवर गेलो होतो. काकांनी पापड आणि पाणी पुढे ठेवलं, पैशांकडे पाहिलं नाही. "शेवटच्या चार बुशचे पैसे तुझ्या बाबांनी घेतले नाहीत. ते अजून गाडीत आहेत. तू कशाला मध्ये पडतोस?"

आता गिऱ्हाइकांबद्दल. एकाला फक्त बॉडी हवी आहे, ती नव्या चासीवर बसवायला. दुसरा डिझेल इंजिन टाकणार म्हणतो. दोघांचे भाव चांगले आहेत. मी मुलाला स्पष्ट सांगितलं की दोघांनाही देऊ नको. आजूबाजूच्या सगळ्या जीपांत डिझेल बसलं तेव्हा काकांनी हे जुनं पेट्रोल इंजिन सांभाळलं, ज्याचा इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये असतो आणि ज्याचं ट्युनिंग जाणणारे मिस्त्री संपत आले आहेत. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसला तरच. नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं. मग ती धंद्याला किंवा रोज चालवता येत नाही, प्रदर्शनाला आणि रॅलीला नेता येते. तिचं आयुष्य माल वाहण्यात गेलं, हे मला टोचतं. तरी कापली जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

तेव्हा घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. हौद्याचा पत्रा खालून सडला आहे, फाळक्याची एक कडी नवी आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढची चाकं जोडू नयेत. मधे डिफरन्शियल नसल्याने ट्रान्स्फरवर ताण येतो आणि दांडा अडकतो. रिकामी गाडी उतारावर जोरात ब्रेक मारला की मागून हलकी होते, कारण सगळं वजन पुढे आहे. शॅकलच्या बुशना ग्रीस द्यावं, बदलू नयेत. त्यांची मापं बाबांच्या वहीत आहेत. झेरॉक्स गाडीबरोबर मिळेल.

नोंदणीचं शुल्क मी भरतो, असं मी मुलाला म्हटलं. तो म्हणाला, "बाबांना आवडलं नसतं." मी म्हटलं, माझ्या बाबांना आवडलं असतं. बराच वेळ तो गप्प बसला आणि मग निम्मं माझं, निम्मं त्याचं, असं ठरलं. त्याआधी रेडिएटरची गळती काढायची आहे. मिस्त्री गुरुवारी येतो म्हणाला आहे.