सात सेंटिमीटरची तार

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात तीस वर्षं माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. आता रेडिओ क्वचितच येतात. चार्जर, इअरफोन आणि मिक्सर यांच्यावर दुकान चालतं.

गेल्या वर्षी लेक इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला गेली. एक दिवस मोबाइल पुढे करून म्हणाली, "बाबा, प्रोजेक्टसाठी हे घ्यायचंय. हॅकआरएफ." किंमत तीस हजारांच्या वर होती. घरात जवळपास तेवढेच पैसे होते, पण ते माझ्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेले.

मी नाही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "हे करतं काय?"

"तुमच्या रेडिओत कॉइल, फिल्टर, डिटेक्टर असतात ना? ती कामं इथे कॉम्प्युटर करतो. ही डबी हवेतल्या लहरींचे फक्त आकडे करून देते. म्हणून याला सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ म्हणतात."

माझी सगळी विद्या कॉम्प्युटरमध्ये गेली म्हणायची! जरा टोचलंच. पण दुकानात मी गिऱ्हाइकाला जे विचारायचो, तेच तिला विचारलं, "तुला ऐकायचंय, की बोलायचंय?"

रात्री वही घेऊन बसलो. एका बाजूला तिचे प्रयोग लिहिले, दुसऱ्या बाजूला त्यांना काय लागेल ते. एफएम स्टेशन पकडायचं, डोक्यावरून जाणाऱ्या विमानांचे संदेश वाचायचे, वायरलेस सेन्सरचा सिग्नल उलगडायचा. ही सगळी कामं ऐकण्याची. प्रक्षेपण फक्त शेवटच्या प्रयोगात होतं, आणि तो पुढच्या वर्षीचा.

मग पर्याय पाहिले. सगळ्यात स्वस्त आरटीएल-एसडीआर. हा मूळचा कॉम्प्युटरवर टीव्ही पाहण्याचा डोंगल. त्यातून कच्चे आकडे बाहेर काढता येतात, हे २०१२ च्या सुमारास हौशी लोकांनी शोधलं. साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकतो, पण एका वेळी सुमारे २.४ मेगाहर्ट्झचाच पट्टा दिसतो. वायफायचा चॅनल २० मेगाहर्ट्झ रुंद, तो यात मावत नाही. हॅकआरएफ १ मेगाहर्ट्झपासून ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि प्रक्षेपणही करतो, पण एका वेळी एकच काम: ऐकणं किंवा बोलणं. विद्यार्थ्यांसाठीच बनवलेला प्लूटो दोन्ही एकदम करतो. मात्र तो सुरू होतो ३२५ मेगाहर्ट्झपासून, म्हणजे आहे तसा वापरला तर साधं एफएमही ऐकू येत नाही!

आम्ही आरटीएल मागवला. चार हजारांच्या आत काम झालं. लेकीचा चेहरा मात्र पडला होता. "बाकीच्या ग्रुपांकडे मोठी मशिनं आहेत," एवढंच म्हणाली.

पहिल्या रात्री एफएम लागलं, पण विमान एकही दिसलं नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या रात्री ती रडवेली झाली. "म्हटलं होतं ना, स्वस्तातलं नको!"

मी पाहिलं, तर सोबत आलेला अँटेना लॅपटॉपच्या चार्जरला चिकटून खोलीतच उभा होता. विमानाचे संदेश येतात १०९० मेगाहर्ट्झवर. तिथे लहरीची लांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर, तिचा चौथा भाग जेमतेम सात. तांब्याची तेवढी तार कापली, कनेक्टरवर उभी झाळली, खाली तशाच चार तारा तिरप्या पसरवल्या. गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी बांधून टीव्हीची केबल खाली सोडली.

थोड्याच वेळात लेकीची हाक आली, "बाबा, लवकर या!" पडद्यावर विमानं सरकत होती. कुणी पस्तीस हजार फुटांवर, कुणी खाली उतरणारं. ती माझा हात धरून म्हणाली, "हे कॉम्प्युटरला नसतं जमलं."

आईचं ऑपरेशन दिवाळीआधी झालं. यंदा प्रक्षेपणाचा प्रयोग आला, तेव्हा चार मैत्रिणींनी वर्गणी काढून एक प्लूटो घेतला. परवान्याशिवाय वाटेल त्या फ्रीक्वेन्सीवर प्रक्षेपण करणं आपल्याकडे गुन्हा आहे. म्हणून त्या अँटेना लावतच नाहीत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केबल, आणि मध्ये सिग्नल क्षीण करणारा अ‍ॅटेन्युएटर. सिग्नल हवेत जायला नको.

तुमच्या घरीही कुणी असं काही मागत असेल, तर किंमत पाहण्याआधी वही उघडा आणि प्रयोगांची यादी करा. ऐकण्यापासून सुरुवात करा, आणि वाचलेल्या पैशांतले थोडे चांगल्या केबलवर आणि तारेवर घाला.

आता कॉलेजच्या पोरी दुकानात येतात. "काका, ४३३ मेगाहर्ट्झला तार केवढी कापू?"

मी पट्टी काढतो. "सतरा सेंटिमीटर. थोडी जास्तच काप. कमी करता येते, वाढवता येत नाही."