खारीसाठी घर आवरताना



आषाढातलं अष्टाह्निका पर्व संपलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या घरी एक पाहुणी आली. वजन बावीस ग्रॅम. आकडा एवढा नेमका सांगते आहे, कारण मी बी.कॉम. आहे आणि आमच्या ह्यांच्या दुकानातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा त्या दिवसापासून स्वयंपाकघरात आला तो तीन महिने तिथेच राहिला. अंगावर मऊ लव आलेली, पाठीवरचे पट्टे दिसायला लागलेले, डोळे मात्र बंद. दौलताबादहून वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला वडाखाली आमच्या नातवाला ती सापडली. शेजारीच गाडीखाली आलेली मोठी खार पडली होती. म्हणून तिथेच सोडून येण्याचा प्रश्नच नव्हता.

आई जिवंत असेल तर पिल्लू उचलून घरी आणू नये, हे आधी सांगते. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. तसं नसतं. पिल्लू ऊबदार ठेवून झाडाच्या बुंध्याशी खोक्यात ठेवलं आणि आपण लांब सरकलो, तर आई बरेचदा येऊन तोंडात धरून घेऊन जाते. आमच्या पाहुणीला ती सोय राहिली नव्हती.

वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावला. खार हा वन्यप्राणी आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पाळता येत नाही. पलीकडच्या बाईंनी हे नीट समजावलं. सध्या जगवा, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा आणि मोठी झाली की सोडा, असं ठरलं. नातवाने तोवर ‘चिंगी’ नाव ठेवूनही टाकलं होतं. मी म्हटलं, नाव ठेव, पण पाहुणी आहे हे लक्षात ठेव.

पहिला धडा दुधाचा. घरात गायीचं दूध असतं, बाळ म्हटलं की आपला हात आपोआप तिकडे जातो. डॉक्टरांनी सांगितलं, गायीच्या दुधाने या पिल्लांना हगवण लागते, पोट फुगतं, आणि एवढ्याशा जिवातलं पाणी एका दिवसात संपतं. त्यांनी कुत्र्याच्या पिल्लांना देतात ती दुधाची पावडर दिली. पिल्लू गार असताना काहीही पाजायचं नाही, आधी ऊब. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्या भागात ठेवायची, म्हणजे जास्त ऊब झाली तर तिला दुसऱ्या बाजूला सरकता येतं. सुई काढलेल्या एक मिलीच्या सिरिंजने थेंब थेंब पाजायचं, तेही पालथं धरून. आपल्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. पाजून झालं की ओल्या कापसाने पोटाखाली हलकेच पुसायचं, त्याशिवाय एवढ्या लहान पिल्लाला लघवी होत नाही. आई चाटून जे करते ते आपण कापसाने करायचं.

हे सगळं दर तीन तासांनी. माझा चौविहार, सूर्य मावळला की माझ्या तोंडात पाण्याचा थेंब जात नाही. आणि रात्री अकराला आणि पहाटे तीनला मी सिरिंज घेऊन बसलेली! सूनबाई हसायची, “आई, चिंगीचा चौविहार नाही का?” नाही बाई, तिने कुठलंच व्रत घेतलेलं नाही. पावसाळ्यात रात्री गॅस पेटवला की किडे झेपावतात, म्हणून दिवस असतानाच गरम पाणी थर्मासमध्ये भरून ठेवायची आणि त्यात वाटी बुडवून दूध कोमट करायची. एवढं जमलं.

दहाबारा दिवसांत डोळे उघडले, पाय फुटले आणि खरी काळजी सुरू झाली.

आपली घरं तशी जीव सांभाळूनच चालतात. पाणी गाळून, भांडी झाकून, दिव्यावर काच ठेवून. मला वाटलं होतं, आपल्या घरात आणखी काय बदलायचं? पण मुंगी-पाकोळीसाठी आवरलेलं घर आणि खारीसाठी आवरलेलं घर यांत बराच फरक निघाला. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ती कुरतडते ती खोडी म्हणून नव्हे. कुरतडलं नाही तर दात वाढून तोंड मिटेनासं होतं. आणि आपल्या घरातली सगळ्यात मऊ, कुरतडायला सोयीची वस्तू कोणती, तर वायर. मोबाईलचे चार्जर, मिक्सरची वायर, इन्व्हर्टरमागचा गुंता. त्यात २३० व्होल्ट असतात आणि ही शंभर ग्रॅमचीही नाही. चार्जर वापरून झाला की कपाटात, हा नियम घरातल्या पुरुषमंडळींना लावायला मला पंधरा दिवस लागले. इन्व्हर्टरच्या वायरी इलेक्ट्रिशियनकडून जाड प्लास्टिकच्या नळीतून घेतल्या. चिंगीला कुरतडायला बाभळीच्या, पेरूच्या काड्या आणि अक्रोड दिला, सालासकट.

दुसरं पाणी. बाथरूममधली भरलेली बादली, मागच्या अंगणातला ड्रम, संडासाचं भांडं. खार पोहत काठाला येईलही, पण प्लास्टिकच्या गुळगुळीत बादलीत नखं रुतत नाहीत, चढून बाहेर येता येत नाही. आमच्याकडे पाणी दिवसाआड भरून ठेवावं लागतं, ड्रम रिकामा ठेवणं शक्य नाही. ड्रमवर बसतं झाकण आणलं, आणि अंगणातल्या हौदात एक खरबरीत फळी तिरकी सोडली. ती फळी आजही आहे. परवा तिच्यावरून एक सरडा वर येताना दिसला.

आता कूलर. मराठवाड्यात कूलर नाही असं घर सापडायचं नाही, आणि उन्हाळा सरला तरी तो दिवाळीपर्यंत खिडकीतच असतो. त्याच्या बाजूचं गवत म्हणजे खारीला आयतं घरटं. आत पंख्याचं पातं, खाली टाकी, वर वायर. मला तर घरातली सगळ्यात धोक्याची वस्तू तीच वाटली. बटण कुणीही सहज दाबतं, आधी आत डोकावून कोण बघतं? आमचा कूलर त्याच आठवड्यात प्लग काढून, टाकी कोरडी करून, तारेच्या जाळीत गुंडाळून ठेवला. तुम्हीही फाल्गुनात कूलर सुरू करण्याआधी गवतात हात घालून बघाच. चिमण्या आणि खारी दोघी तिथे संसार मांडतात.

आमच्याकडे खरी धडकी भरली ती मात्र गोधड्यांनी. दुपारी पलंगावर घडी केलेल्या गोधड्यांचा ढीग, सूनबाई बसायला वाकली, आणि नातू ओरडला, “मम्मी, थांब!” तिसऱ्या गोधडीच्या घडीत चिंगी गाढ झोपलेली होती. त्यानंतर घरात एक सवय लागली : बसण्याआधी हात फिरवायचा. आम्ही पाट घेताना, आसन टाकताना जागा पाहून, पुसून बसतो, मुनिमहाराज पिच्छीने जागा परिमार्जन करून बसतात. नातवाला ते ‘का करतात’ हे पाठशाळेत शिकवलेलं होतंच. त्या दुपारी त्याला ते दिसलं.

बाकीचं भरभर सांगते. वॉशिंग मशीनचं दार नेहमी बंद. दाराच्या बिजागरीच्या फटीत ती बसते, म्हणून दार सावकाश लावायचं. ती मोकळी असेल तर छताचा पंखा बंद. गरम तवा-कढईच्या वेळी स्वयंपाकघराचं दार बंद. टर्किशचा टॉवेल, लोकरीचं विणकाम खोक्यात घालू नका. दोऱ्याच्या फासात नख अडकतं, पाय सुजतो. जुन्या सुती धोतराचे तुकडे चांगले. कपाटातल्या डांबरगोळ्या मी काढून टाकल्या, वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवला. अंगणातली कण्हेर विषारी, तिच्याकडे जाऊ द्यायचं नाही. इथे दौलताबादला सीताफळं घरोघरी. गर तिला खुशाल द्या, पण बिया बाजूला काढून. फुटलेल्या बीतलं विष उवा मारायला वापरतात, डोळ्यात गेलं तर माणसाचाही डोळा जातो.

उंदरांच्या विषाचं वेगळं सांगते. आपण ते घरात आणत नाहीच, पिंजऱ्यात उंदीर धरून लांब सोडतो. पण भिंतीपलीकडे धान्याचं गोदाम असेल तर? खारीला, उंदराला ओकारी होत नाही, एकदा पोटात गेलेलं बाहेर पडायचा मार्ग नाही. मी दोन्ही शेजाऱ्यांकडे स्वतः जाऊन विचारून आले. एकांकडे विषाच्या वड्या होत्या, आणि चिकट पुठ्ठेही. भांडले नाही. दोन पिंजरे विकत घेऊन त्यांना नेऊन दिले.

खाण्यात समुद्रफेसावरून थोडं अडलं. कॅल्शियम हवं, नुसते शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बिया दिल्या तर हाडं ठिसूळ होतात. दुकानदार समुद्रफेस देत होता. नाव फेस असलं तरी ते समुद्रातल्या जिवाचं अंगातलं कवच असतं. मी नको म्हटलं, डॉक्टरांनी थेंब लिहून दिले. पेरू, भिजवलेले मूग, काकडी, कोवळी पानं, सकाळचं ऊन. मुंग्या मात्र ती आपल्या आपण पकडून खायची. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, ते तिचं आहे, आपलं नाही.

दशलक्षण पर्व आलं तोवर चिंगी सत्तर ग्रॅमची झाली होती आणि घरात दोन पक्ष पडले होते. नातू आणि आमचे हे म्हणत, ठेवूया. बाहेर मांजरं, कावळे, तो रस्ता; इथे सगळं सुरक्षित. एवढं घर आवरलं ते कशासाठी? एक छान मोठा पिंजरा आणू, दिवसभर आत, संध्याकाळी बाहेर. त्यांचं म्हणणं मायेचंच होतं, आणि खरं सांगते, माझंही मन तिकडे झुकत होतं. रात्री तीनला जिला पाजलं तिला मांजराच्या वाटेवर सोडायचं?

तेव्हा आमच्या मंदिरात रोज तत्त्वार्थसूत्राचं वाचन सुरू होतं. सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार येतात : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पन्नास वर्षं ऐकते आहे. मारणं, अवयव तोडणं, जास्त ओझं लादणं, उपाशी ठेवणं, हे सगळं दोष म्हणून लगेच पटतं. पण यादीत पहिला आहे बंध. बांधून, कोंडून ठेवणं. वधाच्याही आधी तो सांगितला आहे. त्या दिवशी मी वही मिटून बसले. मंदिरात चातुर्मासाला असलेल्या माताजींना विचारलं, जिवाच्या रक्षणासाठी कोंडलं तर? त्या म्हणाल्या, “आजारी असताना दार लावलंस, ते तिच्यासाठी. बरी झाल्यावर लावशील, ते कोणासाठी?”

दिल्लीत लाल किल्ल्यासमोर, लाल मंदिराच्या आवारात आपल्या समाजाचं पक्ष्यांचं धर्मादाय रुग्णालय आहे, १९२९ पासूनचं. तिथे बरा झालेला पक्षी आणणाऱ्याच्या पिंजऱ्यात परत देत नाहीत, मोकळा सोडतात. हे मी नातवाला सांगितलं. तो दोन दिवस बोलला नाही, मग म्हणाला, “पण एकदम नाही सोडायचं.”

ते त्याचं बरोबर होतं. व्हरांड्याला तारेची जाळी मारली, आत डहाळ्या, मडक्यात गवत. तीन आठवडे तिने तिथेच काढले. ऊन-पाऊस, कावळ्याचा आवाज, बाहेरच्या खारींची चिवचिव ऐकत. आम्ही हातात घेणं बंद केलं. नातवाने सगळ्यात कडक पाळलं ते हेच. माणसाला न घाबरणारी खार बाहेर टिकत नाही. या तीन आठवड्यांत ती आमच्यापासून लांब पळायला शिकली. नातवाला ते फार लागलं आणि मला त्याचंच समाधान होतं.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी, पाऊस उघडल्यावर, सकाळी आठला जाळीचा एक कोपरा वर केला. वजन ब्याण्णव ग्रॅम. ती बाहेर आली, सीताफळाच्या झाडावर गेली, परत मडक्यात आली. असं आठ दिवस चाललं. रात्री मडक्यात, दिवसा झाडावर. नवव्या दिवशी वाटीतले मूग तसेच राहिले.

आता आमच्या कुंपणावर तीन-चार खारी असतात. त्यातली चिंगी कोणती, हे नातू छातीठोकपणे सांगतो. रोज वेगळी दाखवतो. चार्जर मात्र सगळे अजून कपाटातच जातात.