थोडे धुके राहू दे

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे काय ठेवावे आणि काय टाकावे, यावरून आमच्या घरी दर वर्षी दोन पक्ष पडतात. ठेवणाऱ्यांच्या पक्षात मी एकटाच असतो. यंदा मात्र टाकण्याचे काम माझ्या वाट्याला आले, आणि तेही एका खेळातले!

'मॉरोविंड' हा संगणकावरचा खेळ २००२ सालचा. बोटीतून आणलेला एक कैदी सेयडा नीन नावाच्या दलदलीतल्या गावी उतरतो आणि व्हार्डनफेल बेटावर आपले नशीब काढतो, अशी त्याची कथा. चिरंजीव शाळेत असताना आम्ही दोघे एकाच खुर्चीवर दाटीवाटीने बसून तो खेळत असू. रस्ता दाखवणारा बाण त्यात नाही. कोणी सांगेल ती खूण लक्षात ठेवायची आणि धुक्यातून चालत राहायचे. चिरंजीव खुणा वाचीत आणि मी वाट चुकत असे.

आता चिरंजीव परदेशी असतात. चार दिवसांसाठी येणार, म्हणून मी गुपचूप तो खेळ नव्या संगणकावर बसवला. शेजारचा एक मुलगा म्हणाला, "काका, मॉड टाका की!" मॉड म्हणजे रसिकांनी हौसेने केलेली आणि फुकट वाटलेली दुरुस्ती किंवा भर. या खेळाबरोबर तो रचण्याचे हत्यारच गिऱ्हाइकाच्या हाती दिलेले होते. त्यामुळे असे हजारो मॉड साचले आहेत.

मी हावरटासारखे साठ उचलले. नवे चेहरे, नवे गवत, नवे ऊन! खेळ उघडेचना. दोन मॉड एकाच वस्तूला हात घालतात तेव्हा यादीत मागून येणाऱ्याचे चालते, हे मला उशिरा कळले. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला ते आधीच कळायला हवे होते!

एकेक काढीत दोन रात्री गेल्या, तेव्हा कुठे खेळ उघडला. एका मॉडने धुके साफ पुसून टाकले होते. पाहतो तो बेटाच्या मध्यावरचा ज्वालामुखी शेजारच्या गच्चीवर ठेवल्यासारखा समोर! ज्या रानात आम्ही अख्खे रविवार हरवत होतो, ते वाड्याच्या परसाएवढे दिसू लागले. बेट मुळात लहानच होते. त्याला मोठे केले होते ते धुक्याने, आणि आमच्या वाट चुकण्याने.

मी सगळे काढून टाकले आणि तीनच ठेवले. 'पॅच फॉर प्युरिस्ट्स' मूळ खेळात राहून गेलेल्या चुका सुधारतो, पण रचणाऱ्याच्या हेतूला हात लावत नाही. 'मॉरोविंड कोड पॅच' आतल्या यंत्रातले दोष काढतो, आणि त्यातलेही आपल्याला हवे तेवढेच घेता येते. तिसरा 'टॅमरिएल रिबिल्ट'. पाण्यापलीकडचा मुख्य प्रदेश हौशी मंडळी वीस वर्षांहून अधिक काळ तुकड्यातुकड्याने उभारीत आहेत. जुने घर न पाडता शेजारी नवी खोली काढावी, तसे ते काम.

डोक्यावर किंचाळत येणारी 'क्लिफ रेसर' नावाची पाखरे कमी करणारे मॉडही मिळतात. तिथे माझे बोट बराच वेळ घुटमळले. पण त्या पाखरांना आम्ही बापलेकांनी ज्या एकमताने शिव्या घातल्या, त्या एकमताने पुढे कशावरही बोललो नाही. पाखरे राहू दिली.

चिरंजीव आले. फराळ झाल्यावर मी त्यांच्यासाठी दुसरी खुर्ची ओढली, तर ते माझ्याच खुर्चीच्या कडेला टेकले. गाव मागे पडले. धुके दाटले.

"थांबा बाबा! आता वरून पडेल बघा!"

आणि आकाशातून ओरडत तो जादूगार बरोबर आमच्या पुढ्यात येऊन आदळला.

"अहो, काय पडलं?" स्वयंपाकघरातून सौ.ने विचारले.

"काही नाही," आम्ही दोघे एकदमच म्हणालो.