सॉमचा फ्यूज

इंग्लंडात रविवारी सकाळी लोक गाडीची डिकी उघडून घरातला जुनापुराणा माल विकायला बसतात. केंटमधल्या अशाच एका बाजारात विक्रेत्याने एक पितळी शंकू माझ्या हातात ठेवला. म्हणाला, ‘‘सॉमचा! १ जुलै १९१६. आजोबांनी आणला होता.’’

असल्या बाजारात प्रत्येक वस्तूला आजोबा असतात. मी ऐकून घेतलं आणि भिंग काढलं. खालच्या कड्यावर ० ते २२ रेघा. म्हणजे ८० नंबर, १८ पौंडी तोफेच्या श्रॅपनेल गोळ्याचा वेळेचा फ्यूज, म्हणजे ठरल्या वेळी गोळा फोडणारा. अंगावरचा कळंक पुसला तसे छापे दिसले: ८०, रोमन पाच (म्हणजे मार्क पाच), लॉट नंबर आणि ४/१७. एप्रिल १९१७! पहिल्या महायुद्धातली सॉमची लढाई १९१६च्या नोव्हेंबरातच संपली होती. विक्रेता हसला आणि किंमत निम्म्यावर आली.

घरी आणून निवांत पाहिला. याला दोन कडी असतात. दोन्हींच्या खोबणीत सावकाश जळणारी दारू ठासलेली. वरचं कडं पक्कं, खालचं फिरणारं. खालचं फिरवलं की जळायच्या दारूची लांबी कमी-जास्त होते, तोच याचा वेळ. तोफ उडताच बसलेल्या धक्क्याने वरचं कडं पेटतं, मग खालचं, आणि शेवटी जाळ गोळ्याच्या तळातल्या दारूपर्यंत पोचतो. आतल्या सुमारे पावणेचारशे छोट्या गोळ्या पुढे फेकल्या जातात आणि फ्यूज टोपणासकट उडतो. म्हणून तर हे इतके धडधाकट सापडतात. माझ्याकडच्याचं कडं चौदाच्या जरा पुढे घट्ट बसलंय. कुणा तोफचीने त्या गोळ्यासाठी लावलेला वेळ अजून तसाच आहे.

गंमत म्हणजे ही रचना मूळची जर्मनीच्या क्रुप कंपनीची. ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीने ती परवान्यावर घेतली होती, आणि युद्ध संपल्यावर क्रुपने त्यांच्याकडे रॉयल्टी मागितली. शत्रूकडून वसुली करायलाही छाती लागते!

विकत घेण्याआधी मी तो उलटा करून पाहिला होता. तळ उघडा, आत दारूचा कण नाही, नुसती काजळी. तुम्हाला कधी तळ बंद असलेला किंवा सेफ्टी पिन जागेवर असलेला फ्यूज दिसला, तर कडं फिरवू नका, आटे सोडवू नका, घासूनपुसूनही बघू नका. जिथे आहे तिथेच ठेवा आणि पोलिसांना कळवा.